जांभळाला चाललं, चिकूला का नाही? सोडियम बेंझोएटची गोष्ट

मागे आपण डहाणू-घोलवडच्या चिकूवर बोललो होतो, त्यावर तुमचे पुष्कळ व्हॉइस मेसेज आले. बहुतेक ‘आमच्याकडचाच चिकू गोड’ या चालीवरचे. एक मात्र वेगळा होता, पालघरजवळ बचत गट चालवणाऱ्या एका ताईंचा. त्या म्हणतात, “दादा, जांभळाच्या सिरपमध्ये आम्ही सोडियम बेंझोएट टाकलं, आठ महिने बाटलीला काही झालं नाही. तेवढंच, अगदी काट्यावर तोलून, चिकूच्या गरात टाकलं. बाराव्या दिवशी झाकण फुगलं. पावडर तीच, डबा तोच. मग असं का?”

छोटं उत्तर एका वाक्यात देतो: जांभूळ आंबट आहे, चिकू नाही, आणि ही पावडर आंबटाशिवाय जवळजवळ निकामी आहे. पण एवढं वाक्य नीट समजायला शास्त्रज्ञांनाही पन्नासेक वर्षं लागली. त्याआधीची गोष्ट तर आणखी जुनी. ती सुरू होते धुपाच्या वासापासून आणि येऊन पोचते थेट आपल्या बोईसर-तारापुरात. म्हणून आजचा भाग त्यावरच.

तर आधी धूप. बाळाला न्हाऊ घातल्यावर आजी धुरी द्यायची, त्यात ओवा, वावडिंग असायचं आणि कधी कधी ऊद. दर्ग्यात गेलात तर ऊद-लोबानचा वास येतोच. बाजारात ऊद, धूप, लोबान ही नावं सर्रास एकमेकांत मिसळतात, पण यातला एक खास डिंक सुमात्रा बेटावरच्या झाडांचा. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’ म्हणत, म्हणजे जावाकडचा लोबान. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताने या नावाने त्याचा उल्लेख केलाय. युरोपच्या लोकांनी हा शब्द ऐकला आणि त्यांना वाटलं, पुढचा ‘लु’ म्हणजे आपल्या भाषेत नामाआधी लागतो तसला काहीतरी प्रत्यय. तो त्यांनी उडवून टाकला. उरलं ‘बान जावी’. त्याचं झालं बेंजोइन, मग बेंझॉइन. फर्स्ट एडच्या पेटीतलं टिंक्चर बेंझॉइन आठवतंय? तेच हे.

हा डिंक तापवला की पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक वर जाऊन थंड जागी चिकटतात. १५५६ च्या सुमारास हे लिहून ठेवणारा माणूस कोण, तर नोस्त्राडेमस! हो, तोच, ज्याच्या नावाने दरवर्षी व्हॉट्सॲपवर जगबुडीचे मेसेज फिरतात. भविष्याचं जाऊ द्या, हे त्याचं काम मात्र खरं निघालं. पुढे १७७५ मध्ये कार्ल शेले या स्वीडिश रसायनज्ञाने चुन्याच्या निवळीने हाच पदार्थ डिंकातून सोडवून घेतला. १८३२ मध्ये लीबिग आणि व्होलर या दोघांनी त्याची घडण सांगितली. हे झालं बेंझोइक आम्ल. पुढच्याच वर्षी जर्मनीत आयल्हार्ड मिट्शरलिश याने हे आम्ल चुन्याबरोबर तापवलं आणि त्यातून एक पातळ, उडून जाणारं द्रव्य मिळवलं. बेंझिन. म्हणजे सगळ्या सेंद्रिय रसायनशास्त्रात मिरवणारं हे नाव मुळात सुमात्राच्या डिंकाचं आहे. बेंझिन लक्षात ठेवा, ते शेवटी परत येणार आहे.

इथवर टिकवण्याचा विषयच नव्हता. १८७५ मध्ये साल्कोव्स्की नावाच्या जर्मन संशोधकाने दाखवलं की हे आम्ल बुरशी आणि जंतूंची वाढ रोखतं. झालं, मागणी वाढली. पण एवढा डिंक आणायचा कुठून? मग लोकांनी शोधला स्वस्त माल: घोड्यांचं आणि गाईगुरांचं मूत्र! हसू नका. चारा खाणाऱ्या जनावरांच्या मूत्रात हिप्युरिक आम्ल असतं, ते फोडलं की बेंझोइक आम्ल मिळतं. एकोणिसाव्या शतकात खरोखर असा धंदा चालायचा. हीच गोष्ट उलटीकडून पाहिली तर माणसाच्या पोटात गेलेल्या बेंझोएटचं शरीर हिप्युरिक आम्ल करतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणूनच थोड्या प्रमाणात ते चालून जातं.

डिंक आणि मूत्र दोन्ही मागे पडलं ते टोल्युइनमुळे. टोल्युइन म्हणजे आधी डांबरातून आणि नंतर खनिज तेलातून मिळणारं द्रव्य. आज ते मोठ्या भांड्यात तापवतात, कोबाल्टचा उत्प्रेरक टाकतात, आतून हवा फुंकतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं बेंझोइक आम्ल होतं. आता आलो आपण तारापूरला.

तारापूर म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. १९६९ पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र आणि एमआयडीसीचा वास. दुसरी गोष्ट खोटी नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात हा पट्टा देशात पहिला आला होता, आणि तो पहिला नंबर आपल्यापैकी कुणालाच नको होता. पण या वसाहतीत औषधं, रंग, धागे यांच्याबरोबर आपल्या स्वयंपाकघरात येणारा मालही बनतो हे फारसं कुणी सांगत नाही. गणेश बेंझोप्लास्ट या कंपनीचा रसायनांचा कारखाना तारापूर एमआयडीसीत आहे आणि तिथे बेंझोइक आम्ल आणि सोडियम बेंझोएट तयार होतं. केचपची, सिरपची, लोणच्याची बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. २११ असा आकडा दिसला तर ते सोडियम बेंझोएट. २१० असेल तर नुसतं आम्ल.

आता कारखान्यातली एक गंमत ऐका, कारण सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. जंतूंना रोखतं ते आम्ल. पण आम्ल पाण्यात विरघळायला महाहट्टी. एक लिटर साध्या पाण्यात जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम जातं, बाकीचं तळाशी बसतं. म्हणून कारखान्यात त्या आम्लात कॉस्टिक सोडा घालतात आणि त्याचं मीठ करतात. हे मीठ, म्हणजे सोडियम बेंझोएट, लिटरभर पाण्यात अर्धा किलोहून जास्त विरघळतं. वापरायला सोपं, साठवायला सोपं. पण या सोयीसाठी आपण त्याचं आम्लपणच काढून घेतलेलं असतं! तारापूरहून डब्यात निघते ती निजलेली पावडर. तिला जागं करायचं काम बाटलीतल्या फळाच्या आंबटाचं. फळ आंबट नसेल तर ती तशीच निजून राहते.

हे तेव्हा लोकांना कळलं नव्हतं का? थोडंफार कळत होतं. पण मोजता येत नव्हतं, आणि मोजता येत नसलं की भांडणं होतात. सगळ्यात मोठं भांडण अमेरिकेत झालं. हार्वे वायली नावाचे सरकारी रसायनज्ञ होते. त्यांनी १९०२ पासून धडधाकट तरुणांना पगारी नव्हे, फुकट जेवणावर जमवलं आणि जेवणातून बोरॅक्स, फॉर्मॅलिन, बेंझोएट असं एकेक खायला घातलं. वर्तमानपत्रांनी त्या मुलांना ‘विषपथक’ असं नाव दिलं. १९०६ मध्ये तिथे अन्नशुद्धतेचा कायदा झाला. वायलींचं म्हणणं, बेंझोएट बंद करा. कारखानदारांचं म्हणणं, मग केचप टिकवायचं कसं? राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आयरा रेमसन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचं मंडळ नेमलं आणि १९०९ मध्ये त्या मंडळाने सांगितलं की थोड्या प्रमाणात अपाय दिसत नाही.

मला या भांडणात वायली-रेमसनपेक्षा हाइन्झ कंपनी जास्त महत्त्वाची वाटते. तिने त्याच काळात बेंझोएट सोडलं. कसं? पूर्ण पिकलेले चांगले टोमॅटो घेतले आणि व्हिनेगर-साखर वाढवली. म्हणजे आंबटपणा वाढवला! इतर अनेकांचं केचप पातळ आणि कमी आंबट असायचं, डब्याच्या कारखान्यात उरलेल्या साली-तुकड्यांचं असायचं, आणि मग त्यात बेंझोएट भरपूर ओतावं लागायचं. सगळे वाद घालत होते ‘किती टाकायचं’ यावर. ‘कशात टाकायचं’ हा खरा प्रश्न होता.

तो मोजायची पट्टी आली त्याच १९०९ साली. डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी पीएच मोजपट्टी काढली. शाळेत शिकलोय आपण: सात म्हणजे ना आंबट ना तुरट, आकडा जितका खाली तितकं आंबट, आणि प्रत्येक पायरीला दहापट फरक. तीनचा रस चारच्या रसापेक्षा दहापट आम्ल असतो. ही दहापट विसरू नका. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात क्रूस आणि रिचर्ट या दोघांनी वेगवेगळ्या पीएचवर बेंझोएट टाकून जंतू वाढतात का ते पद्धतशीर पाहिलं. आंबट रसात चिमूटभर पुरतं, आणि सातच्या जवळ जाल तसं ते कितीतरी पटींनी जास्त लागतं. १८७५ ते १९२९. पन्नासेक वर्षं म्हणालो होतो ना, ती ही.

आतमध्ये नेमकं काय होतं? बेंझोइक आम्लाच्या कणाला एक हायड्रोजन चिकटलेला असतो. भोवताली आंबट असेल तर तो चिकटून राहतो आणि कणावर विजेचा भार नसतो. भोवताली आंबट नसेल तर तो सुटतो आणि कण भारित होतो. आता यीस्टच्या किंवा बुरशीच्या पेशीभोवती असतो तेलकट पडदा. भारित कणाला पाणी आवडतं, तेलाला तो शिवत नाही, त्यामुळे बाहेरच राहतो. भार नसलेला कण मात्र त्या पडद्यातून सहज आत शिरतो. आत पीएच असतो सातच्या आसपास. तिथे गेल्यावर हायड्रोजन सुटतो आणि पेशी आतून आंबायला लागते. मग ती बिचारी आम्ल बाहेर उपसत बसते, सगळी ताकद उपसण्यात जाते, वाढायला काही उरत नाही. पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरलं की घरातलं स्वयंपाकपाणी थांबून सगळे बादल्या घेऊन उभे राहतात, अगदी तसं.

आकडे सांगतो, लिहून घ्या. पीएच ३ असेल तर टाकलेल्या १०० कणांपैकी ९४ कामाचे. ४ असेल तर ६१. ५ ला फक्त १४. ६ ला दीड! ४.२ या आकड्याला बरोबर निम्मे. म्हणजे चार ते पाच या एका पायरीत सगळा खेळ उलटतो.

आता आपल्या पालघर जिल्ह्यात या. इथल्या दोन फळांना भौगोलिक मानांकन आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये मिळालं, बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये. एकाच जिल्ह्यातली दोन नावाजलेली फळं, आणि या पावडरीच्या दृष्टीने दोन टोकं. जांभळाचा रस चारच्या खाली असतो. पिकलेल्या चिकूचा गर पाच-साडेपाचच्या आसपास. साडेपाच धरा, म्हणजे १०० मधले जेमतेम ५ कण जागे. जांभळाइतका पहारा चिकूला हवा असेल तर दहा-वीस पट पावडर टाकावी लागेल. ते कायद्यात बसत नाही आणि जिभेलाही झोंबतं.

ताईंना मी फोनवर सांगितलं, मावशी-काकू ज्या पट्टीने ‘लिंबू पिळ, टिकेल’ म्हणतात तीच पट्टी इथे लावा. चिकूचा गर बाटलीत भरायचाच असेल तर सायट्रिक आम्ल घालून पीएच चारच्या खाली आणा, मोजून आणा, अंदाजाने नको, आणि गरम करून भरा. पीएच मीटर आता गटालाही परवडतो. मोजायचं अशासाठी की ४.६ ही एक धोक्याची रेघ आहे. तिच्या वर, हवाबंद बाटलीत, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू वाढू शकतो. तो जे विष करतो ते लकवा आणणारं, जिवावर बेतणारं. आणि दर वेळी झाकण फुगेल, वास येईल, असं नाही. ताईंच्या बाटलीचं झाकण फुगलं हे एका परीने बरंच झालं, निदान ती कुणी प्यायलं नाही. बेंझोएट टाकलंय म्हणजे सुरक्षित, हा समज इथे घात करतो.

पण आंबट केलेला चिकू हा चिकू राहतो का, हा वेगळा प्रश्न. माझ्या जिभेला नाही राहत. बोर्डी-घोलवडकडे चिकूच्या वाळवलेल्या चकत्या आणि पावडर मिळते, ती मला जास्त शहाणपणाची वाटते. पाणी काढून घेतलं की जंतूला प्यायला काही नाही, आंबटाची गरजच उरत नाही. सातपाटीच्या किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळतात त्यामागे हेच. मासळी तर साताच्या जवळची, तिला बेंझोएटचा काय उपयोग?

आणि एक उलटी रीतही आपल्याकडे आहे, नीरेची. ताडा-शिंदीचा रस रात्री मडक्यात गोळा होतो, तेव्हा तो गोड आणि साताच्या जवळ असतो. सकाळी ऊन चढलं की आंबून ताडी होते. ते लांबवायला मडक्याला आतून चुना फासतात. चुन्याने रस क्षाराकडे ढकलला जातो आणि आंबवणारे यीस्ट-जंतू मंदावतात. म्हणजे एकीकडे आंबट करून टिकवायचं, दुसरीकडे आंबट होऊ न देता. २०२० मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत २०० कारागिरांना नीरा आणि ताडगुळाचं प्रशिक्षण देऊन अवजारं दिली होती. त्या चुन्याच्या मडक्यात कुणी बेंझोएट टाकलं तर १०० मधला एक कणही जागा होणार नाही.

कायद्याचं थोडं बोलू. भारतात १९५५ च्या अन्नभेसळ नियमांनी टिकवणाऱ्या पदार्थांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गात मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले, तेल, मध. दुसऱ्या वर्गात बेंझोएट, सल्फाइट, सॉर्बेट वगैरे, आणि यांना मर्यादा. लोकांना वाटतं, वर्ग दोन म्हणजे दुय्यम किंवा वाईट. तसं नाही, मोजून टाकायचे एवढाच अर्थ. त्याच १९५५ च्या फळपदार्थ आदेशात स्क्वॅश-सिरपला बेंझोइक आम्लाची मर्यादा होती ६०० पीपीएम, केचपला ७५०, लोणच्याला २५०. पीपीएम म्हणजे किलोला मिलिग्रॅम. इथे एक मेख आहे. हा आकडा आम्लाचा आहे, पावडरीचा नाही. सोडियममुळे पावडर जड असते, १.१८ पट. म्हणजे किलोभर सिरपला ६०० मिलिग्रॅम आम्लासाठी पावडर सुमारे ७०० मिलिग्रॅम. पाऊण ग्रॅमही नाही! चमच्याने टाकणाऱ्यांनी काटा घ्यावा. विकायचं असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आताचा तक्ता बघूनच टाका.

आता ते बेंझिन. १९९० मध्ये अमेरिकेत काही शीतपेयांत बेंझिन सापडलं, आणि २००५-०६ मध्ये विषय पुन्हा पेटला. बेंझिन कॅन्सर करणारं आहे. ते टाकलं कुणी नव्हतं, बाटलीतच तयार झालं होतं. बेंझोएट, जीवनसत्त्व क, लोखंड-तांब्याचा किंचित अंश, आंबट रस, आणि वरून ऊन. एवढं जमलं की बेंझोइक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं बेंझिन. मिट्शरलिशला त्यासाठी भट्टी लागली होती, इथे उन्हात ठेवलेली बाटली पुरते. प्रमाण फारच थोडं, अब्जात काही भाग, आणि बऱ्याच कंपन्यांनी कृती बदलली. पण म्हणजे जो आंबटपणा पावडरीला जागं करतो, तोच इथे या कामालाही हात देतो.

म्हणून लिंबू आणि आवळा, ज्यांत जीवनसत्त्व क भरपूर, त्यांना मी बेंझोएट टाळतो. बाटल्या उन्हात मांडायच्या नाहीत हे तर सगळ्यांनाच. लिंबाच्या स्क्वॅशला आपल्याकडे केएमएस वापरतात, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. जांभळाला मात्र ते नको, त्याने जांभळाचा रंग उडतो आणि ज्यासाठी लोक बाटली घेतात तेच जातं. केएमएसलासुद्धा आंबटच लागतं, बरं का. त्याची गोष्ट गंधकाच्या धुरापासून सुरू होते, ती पुढच्या भागात. तोवर घरातल्या बाटल्या उलट्या करा आणि २११ कशाकशावर सापडला ते व्हॉइस मेसेज करून कळवा.